तुझ्या प्रोग्रामला माझी हाक

आत्या,

तू गेलीस त्या दिवशीही सकाळी टाकीवरच्या भोंग्यातून तूच बोललीस. आज पाणी कोणत्या गल्लीला, किती वाजता, हंडे भरून झाले की तोट्या बंद करा, सगळं रोजच्यासारखं. खाली आपल्या दारात माणसं जमलेली आणि वरून तू सांगतेस, आज पाणी रेणुकाई गल्लीला. म्हणजे आपल्याच गल्लीला. तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तूच सोडायला लावलंस.

मी हे इथं कोचीत फोनवर ऐकलं. कितीही धडपडले असते तरी तुझ्यापर्यंत वेळेत पोचणार नव्हते.

पहाट सरताना रज्जाकचाचांचा फोन आला होता. गावातले पाण्याचे व्हॉल्व्ह तेच उघडतात, त्यामुळं त्यांचा फोन आला की मला वाटतं भोंग्याला रोजची बारी कळवणारी माझी स्क्रिप्ट अडकली. "बेटी," ते म्हणाले, "मॅडम गेल्या." मग विचारलं, "आज की बारी मारुती गल्ली की है. वो लोग बोले, आमची बारी मॅडमच्या घराला द्या. मैं भोंगे की चिठ्ठी बदलू क्या? लेकिन आवाज तो उनकाच आयेगा, बेटी."

लग्नघराला किंवा मयताच्या घराला आपली पाण्याची बारी सोडून द्यायची, ही आपल्या गावाची रीत. कोणी मागत नाही, ज्याची बारी तोच येऊन सांगतो. त्या सकाळी मी काय बोलले ते नीट आठवत नाही. चाचा म्हणतात, मी म्हणाले, "बदला. बोलू द्या तिला."

त्यानंतर रोज सकाळी बापू ओट्यावर येऊन बसतात, असं आई सांगते. भोंगा सुरू झाला की मान खाली घालून ऐकतात, तू 'तोट्या बंद करा' म्हणालीस की उठून आत जातात. एवढ्या मोठ्या भावाला तू असं बसवून ठेवलंयस, आत्या. जिवंतपणी तुझं एक ऐकलं नाही त्यांनी.

आता तो आवाज राहतो की जातो हे येत्या रविवारी ठरायचंय, आणि ते माझ्यावर आलंय. माझ्यावर! गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत वर येणाऱ्या बाईवर.

झालंय असं. माळावर घरकुलं झाली, माणसं तिकडं राहायला गेली, नळही आले. पण तुझ्या प्रोग्रामला घरकुल वस्ती ठाऊकच नाही. तू तो लिहिलास तेव्हा तिथं कुसळं होती. भोंग्यात नाव येत नाही, म्हणून तिथल्या बायांना आपली बारी कळत नाही. त्या कामाला निघून जातात आणि मागं नळ येऊन जातो. त्यांची तक्रार अगदी बराबर आहे. सरपंचांनी सांगितलं, रविवारपासून भोंग्यात वस्तीचं नाव आलं पाहिजे, न्हाई तर मॅडमचं जुनं काढून टाकू आणि मोबाईलवर मेसेज पाठवू. 'जुनं काढून टाकू' हे ते सहज बोलले असतील. मी तेव्हापासून दिवस मोजते आहे.

तू असतीस तर एका बैठकीत वस्तीचं नाव घातलं असतंस. आता ते कोणालाच घालता येत नाही, आणि का येत नाही हे मला तूच शिकवलंस, भर उन्हाळ्यात, ग्रामपंचायतीच्या त्या पत्र्याच्या खोलीत.

आठवतंय? आई आजारी पडली, घर माझ्यावर आलं, नववी अर्धी सुटली. आई बरी झाली तोवर बरोबरीच्या पोरी पुढं गेल्या होत्या आणि मला शाळेच्या फाटकातून आत जायची लाज वाटत होती. बापू म्हणाले, राहू दे. तू दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना चपला घालता घालता म्हणालीस, "घरी बसून काय करून राह्यली? चल माझ्यासोबत. एक खुर्ची रिकामी हाय तिथं."

त्या खुर्चीवरून मी उठलेच नाही म्हण. आजही त्याच खुर्चीवर बसल्यासारखी बसते, कडेला, कोणी उठ म्हणेल म्हणून.

तेव्हा तू भोंग्याचं काम करत होतीस. त्याआधी चाचा सायकलवरून गल्लोगल्ली ओरडत जायचे. तू डिप्लोमात शिकलेली सी ही कॉम्प्युटरची भाषा काढलीस, गल्ल्यांचा क्रम त्यात बसवलास आणि आपल्या खोलीच्या दाराखिडक्यांना गोधड्या लावून स्वतःचा आवाज भरलास. आधी माइक माझ्यापुढं धरला होतास. "तू बोल. कोवळा आवाज चांगला वाटतो. म्हण, बाजार गल्ली." माझ्या तोंडातून शब्द फुटेना. "अगं, गल्लीचं नाव हाय, नवऱ्याचं न्हाई," म्हणालीस आणि इतकी हसलीस की मलाच रडू आलं. मग तूच बोललीस. 'बाजार गल्ली' म्हणालीस आणि नेमकी मागं शेजारची बकरी ओरडली. परत भरू या म्हटलं तर, "राहू दे, बाजारात बकरी असतीच." तेव्हापासून बाजार गल्लीची बारी आली की बकरी ओरडते आणि लेकरं तिच्यासारखं ओरडत हंडे काढतात.

मी विचारलं, हे चालतं कसं? तू पडद्यावरचं लिखाण दाखवलंस, मग ते बंद केलंस आणि म्हणालीस, "पुरणपोळी करती ना तू? डाळ शिजवली, गूळ घातला, पुरण वाटलं. डाळ कच्ची राह्यली असंल तर वाटतानाच कळतं, पोळी लाटायच्या आगुदर. हे तसं हाय. मी लिहिलं ते माणसाला वाचता येतं, मशीनला न्हाई. मंग कंपायलर ते सगळंच्या सगळं एकदा तपासतो, वाटतो, मशीनच्या पोटाला झेपंल असं करून ठेवतो. पुन्हा माझी गरज न्हाई. मशीन ते धाडधाड खातं."

"आणि पुरणातून परत डाळ काढायची असली तर?"

"कशाला काढायची? वेडी."

तू हसलीस. मला वाटलं, मी बावळट प्रश्न विचारला. आत्या, तो प्रश्न बावळट नव्हता गं. एका पावसाळ्यात वीज पडली आणि तू ज्या कॉम्प्युटरवर हे लिहिलं होतंस त्याची डिस्क जळाली. डाळ गेली. ऑफिसच्या मशीनवर फक्त वाटलेलं पुरण राहिलं, तुझ्या आवाजासकट, कारण आवाजही तू त्यातच घोटून टाकला होतास. मी म्हणाले, आत्या, मूळ लिखाण परत करून ठेव. तू बोटानं कपाळ दाखवलंस. "इथं हाय. दिवाळीत बसू, घरकुल वस्ती बी घालू."

दिवाळी आली नाही.

माझी स्क्रिप्ट मात्र तिथंच आहे, उघडी, साध्या मजकुरासारखी. कोणीही वाचावी, कोणीही एक ओळ बदलावी. ती सुरू झाली एका लग्नसराईत. रोज कोणी ना कोणी बारी सोडायचं, आणि तुझा प्रोग्राम आपल्याच क्रमानं चालायचा. प्रत्येक लग्नाला तू तो उघडायचीस, बदलायचीस, पुन्हा कंपाईल करायचीस. एका मांडवाच्या दिवशी वैतागून म्हणालीस, "या गावाची लग्नं लावता लावता म्हातारी व्हईन मी." मी तोवर मोबाईलवर बघून बघून थोडं शिकले होते. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. चाचांनी एका फाइलमध्ये आजची गल्ली आणि लग्न की मयत ते लिहायचं, त्या फाइलला आपण चिठ्ठी म्हणायचो. स्क्रिप्ट ती चिठ्ठी वाचणार आणि तुझ्या प्रोग्रामला सांगणार, आज हा नंबर बोल. चिठ्ठी कोरी असली तर काही सांगायचं नाही, तू आपल्या क्रमानं बोल. त्यासाठी तू प्रोग्राममध्ये बाहेरून नंबर घ्यायची सोय केलीस. "बघ, तुझ्यापायी घराला खिडकी पाडली मी."

चालली. तू पाठीवर थाप मारलीस आणि लगेच भांडण काढलंस.

"पण ही भाषा न्हाई बरं का."

"मंग काय हाय?"

"हुकूम सोडणं हाय. बोलायचं, मोजायचं, क्रम ठेवायचा, खरं काम माझा प्रोग्राम करतो. तुझी स्क्रिप्ट दारात उभी राहून नुसती हाक मारती. दुसऱ्याच्या जिवावर जगती ती."

"आणि गावात लग्न हाय हे तुझ्या प्रोग्रामला कोण सांगतं?"

"तोंड लई चालाया लागलं."

"तुझी पुरणपोळी, माझी भाकरी. थापली, टाकली, खाल्ली. एक एक ओळ वाचायची, तिथल्या तिथं करायची. आधी सगळं शिजवत बसायची गरजच न्हाई."

"आणि पीठ संपलं तर? माणसं ताटावर बसल्यावर कळणार तुला."

तसंच झालं! मयताच्या वेळची ओळ मी लिहून ठेवली होती, पण देवाच्या कृपेनं बरेच महिने गावात कोणी गेलं नाही, त्यामुळं त्या ओळीपर्यंत स्क्रिप्ट कधी पोचलीच नाही. मग एक दिवस मारुती गल्लीतले एक आजोबा गेले. चाचांनी चिठ्ठी लिहिली, स्क्रिप्ट त्या ओळीवर आली, तिथं मी जी गोष्ट कुठं तयारच केली नव्हती तिच्याकडून नंबर मागितलेला, आणि सगळं ठप्प. भोंगा गप्प. आपल्या गावात भोंगा गप्प म्हणजे सरपंच किंवा तसंच कोणी मोठं माणूस गेलं, असा लोकांचा समज. थोड्या वेळात ऑफिससमोर ही गर्दी. बाया पदर डोक्यावर घेऊन, माणसं टोप्या काढून. "कोण गेलं? कोण गेलं?" सरपंच स्वतः आले, तर एक म्हातारी त्यांना हात लावून बघायली. "तुम्ही हाव का?"

तू त्या गर्दीतून माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता रागावशील. तू कानाशी येऊन म्हणालीस, "माझ्या भाषेनं ही चूक कंपाईल करतानाच पकडली असती. तुझीनं पकडली, पण सगळं गाव रडायला आणून." आणि तोंडात पदर कोंबून हसत सुटलीस.

मग ती ओळ तू मला शेजारी बसवून दुरुस्त करायला लावलीस. स्वतः हात लावला नाहीस. तुझ्या त्या गप्प बसून राहण्यावर मी आज पोट भरते.

इथली नोकरीही तूच कोणाला तरी फोन करकरून लावलीस. जहाजांच्या मालाच्या याद्या एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायच्या, जुळवायच्या, कुठं अडलं तर कळवायचं, हे काम मी स्क्रिप्टनं करते. आजूबाजूला सगळे शिकलेले. पहिल्या आठवड्यात एकीनं साधंच विचारलं, तू प्रोग्रामर का? मी म्हणाले, नाही, मी स्क्रिप्ट लिहिते. ती म्हणाली, मग तेच की. तिला काही वाटलं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरी येऊन तुला फोन लावला. "आत्या, खरं सांग. मी कोण?"

"तू आगुदर जेव," म्हणालीस.

मग आपलं भांडण फोनवर सुरू राहिलं. मी इथं नवं काही शिकले की तुला मुद्दाम सांगायचे. आत्या, इथं म्हणतात, हल्ली स्क्रिप्टच्या भाषासुद्धा चालता चालता आतल्या आत कंपाईल होतात. आत्या, एकच भाषा, तिच्यात कोणी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहितं आणि कोणी अख्ख्या कंपनीचा कारभार.

"मंग ती ना पोळी ना भाकरी."

"मंग काय?"

तू थोडा विचार केलास. "धपाटं."

मी बसमध्ये एकटी हसले. शेजारची बाई सरकून बसली.

शेवटच्या फोनमध्ये तू दमलेली होतीस. मला वाटलं, ऑक्टोबरच्या उन्हानं. तू म्हणालीस, "मी विचार करून राह्यले. फरक भाषेत कमी हाय गं. तिच्याकडून आपण काय काम घेतो, त्याच्यात जास्त हाय. एकीनं वस्तू घडवायची, दुसरीनं घडलेल्या वस्तू कामाला लावायच्या. सगळं सगळ्यांत जमतं, पण एकेकीचा हात एकेका कामाला बसलेला असतो. पण तरी..." आणि दारात कोणीतरी आलं. "थांब, मंग सांगते."

त्या 'पण तरी'च्या पुढं काय होतं, आत्या? मी किती तऱ्हेनं ते वाक्य पुरं करून बघितलं. कधी त्यात तू मला हरवतेस, कधी मला मान देतेस. दोन्ही वेळा तुझाच आवाज लावून बघते, आणि दोन्ही खरं वाटतं.

परवा ऑफिसातल्या, 'तू प्रोग्रामर का' विचारणाऱ्या त्याच मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, प्रोग्राम फोडून आतला आवाज बाहेर काढता येईल, तुकडे करून हवं तसं जोडता येईल. मग तुझी आत्या घरकुल वस्तीही म्हणेल. चांगल्या मनानं म्हणाली. चाचांनी पाठवलेली तुझ्या प्रोग्रामची प्रत माझ्या पुढ्यातच होती. मला नाही झालं. जे तू कधी म्हणालीच नाहीस ते तुझ्या तोंडी घालायचं?

आणि ती वस्ती काही तुझ्या आवाजाची भुकेली नाही. तिला आपलं नाव ऐकू यायला हवंय.

\*

इथवर लिहून ठेवलं होतं. आता रविवार होऊन गेला.

मी तुझा प्रोग्राम उघडला नाही, हात लावला नाही. बदल केला तो माझ्या स्क्रिप्टमध्ये. आजवर क्रम तू ठेवायचीस, मी फक्त मध्ये बोलायचे. आता क्रम माझ्याकडं घेतला, घरकुल वस्ती त्यात घातली. बारी जुन्या गल्लीची असली तर तुझ्या खिडकीतून नंबर द्यायचा. घरकुल वस्तीची असली तर दुसरा आवाज लावायचा.

कोणाचा, यावर अडलं. मी चाचांना म्हणाले, वस्तीतल्या कोणा बाईचा घ्या. ते माळावर जाऊन आले. "बेटी, सगळ्या लाजायल्यात. एक बोली, ज्या पोरीनं केलं तिलाच बोलू द्या. तूच बोल ना."

"चाचा, मला न्हाई जमायचं."

"मॅडम बोलते थे, जमेगा. हमेशा बोलते थे."

तू हे त्यांना सांगायचीस? मला कधी सांगितलं नाहीस.

मी तुझी गोधडी डोक्यावरून घेतली, इथं येताना दिलेली, आणि फोनमध्ये बोलले. पहिल्यांदा आवाज फाटला. मग तुझं 'नवऱ्याचं न्हाई' आठवलं आणि हसू आलं, त्या हसण्यातच बोलून टाकलं. आज पाणी घरकुल वस्तीला. हंडे भरून झाले की तोट्या बंद करा. आणि नेमका त्याच वेळी बंदरात जहाजाचा भोंगा वाजला. परत भरणार होते. मग म्हटलं, राहू दे. मी जिथं आहे तिथं जहाजं असतातच.

मयताची ओळ, लग्नाची ओळ, कोऱ्या चिठ्ठीची ओळ, सगळ्या एकेक करून चालवून बघितल्या, ज्या कधी लागणार नाहीत त्याही. ताटावर माणसं बसायच्या आधी. हे तुझ्या भाषेचं वळण, आत्या, माझ्या भाषेत उचललेलं. फक्त तुझ्या प्रतीला इथं हाक मारली नाही, स्क्रिप्ट तशीच गावच्या मशीनवर पाठवली.

रविवारी चाचांनी फोन भोंग्याखाली धरला. आधी नुसती खरखर. मला वाटलं, झालं, आता गाव विचारणार कोण गेलं. मग मी बोलले. माझा आवाज आपल्या गावावरून गेला आणि मागून जहाज ओरडलं. चाचा हसत सुटले. "लोगां पूछ रे, माळावर जहाज कहाँ से आया?"

पण माझा जीव सोमवारात अडकला होता. माझा आवाज लागला, त्यात काय मोठं. सोमवारी बाजार गल्लीची बारी. स्क्रिप्ट तुला हाक मारणार आणि तू ओ देतेस की नाही, ते कळायचं होतं. तू म्हणायचीस ते मी त्या दिवशी पुरतं कबूल केलं. दारात उभं राहून हाक मारायची, एवढंच माझ्या हातात. दुसऱ्याच्या जिवावर जगते, हो. नववीतून सुटल्यापासून तुझ्याच जिवावर जगले, आणि आता पोट भरते तेही त्याच्यावरच. याची मला लाज नाही, आत्या. तुला हे समोर कधी बोलले नाही एवढीच रुखरुख.

सोमवारी मी फोन लावला नाही. धीर झाला नाही. ऑफिसच्या पायरीवर बसून राहिले. मग बापूंचा आला. ते कधी आपणहून फोन करत नाहीत, त्यांना नंबर काढून द्यावा लागतो.

"बोलली गं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आणि बकरी?"

तू गेल्यापासून पहिल्यांदा ते हसल्यासारखं वाटलं.

"बकरी बी."